एकट्याने डिस्ने वर्ल्ड: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑफिसच्या कामासाठी अटलांटाला गेले होते. काम शुक्रवारी संपलं आणि परतीचं विमान पुढच्या गुरुवारचं होतं. सोबतचे दोघे सहकारी नायगाऱ्याला निघाले. मला लहानपणापासून एकच जागा बघायची होती, फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. "तिथे एकटी जाऊन काय करणार? ते मुलांना घेऊन जायचं ठिकाण," असं तिघाचौघांनी सांगितलं. आईनेही पुण्याहून फोनवर तेच सांगितलं. तरी मी गेले. त्यानंतर आणखी दोनदा गेले, दोन्ही वेळा एकटीच आणि दोन्ही वेळा ठरवून.

तिथली सगळी व्यवस्था चारजणांचं कुटुंब डोळ्यापुढे ठेवून केलेली आहे. खोलीचं भाडं, थाळीचा आकार, राइडमधल्या बाकाची रुंदी, सगळं त्याच हिशेबाने. त्यामुळे जे सल्ले वाचायला मिळतात तेही कुटुंबासाठीचे असतात. एकटा माणूस निघाला की त्यातले निम्मे लागू पडत नाहीत आणि ज्या गोष्टी खरोखर अडतात त्यांबद्दल कुणी सांगत नाही. त्याच गोष्टी इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी जागेचा आवाका लक्षात घ्या

खोपोलीजवळचं इमॅजिका आपण सकाळी जाऊन संध्याकाळी उरकतो. ते माप इथे चालत नाही. डिस्ने वर्ल्डचा परिसर साधारण १०० चौरस किलोमीटर आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचं जुनं मुंबई शहर त्यात मावून वर जागा उरेल. त्यात चार वेगवेगळी पार्क्स आहेत: मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अ‍ॅनिमल किंगडम (१९९८). शिवाय दोन वॉटर पार्क, दुकानांचा आणि हॉटेलांचा डिस्ने स्प्रिंग्ज हा भाग आणि वीसहून अधिक निवासी हॉटेलं. एका पार्कमधून दुसऱ्यात चालत जाता येईल असं समजू नका. मध्ये बस, बोट, मोनोरेल किंवा स्कायलायनर नावाचे हवेतले पाळणे लागतात.

वॉल्ट डिस्ने यांचं निधन डिसेंबर १९६६ मध्ये झालं. ही जागा उघडलेली त्यांनी पाहिली नाही. त्यांचे थोरले भाऊ रॉय निवृत्ती पुढे ढकलून कामाला लागले, १ ऑक्टोबर १९७१ ला दरवाजे उघडले आणि त्याच वर्षी डिसेंबरात रॉयही गेले. मॅजिक किंगडमच्या दारात पहिल्यांदा उभी होते तेव्हा मला तिथल्या प्रसिद्ध किल्ल्याआधी ही गोष्ट आठवली.

किती दिवस आणि केव्हा

चार पार्क्ससाठी चार दिवस, शिवाय मध्ये अर्धा दिवस विश्रांतीचा. म्हणजे पाच रात्री. एकट्याचा वेग जास्त असतो. कुणाची बाटली भरायची नसते, कुणाची वाट पाहायची नसते. म्हणून "तीन दिवसांत चारही करू" असा मोह होतो. तो आवरा. वेग जास्त असतो तसं चालणंही जास्त होतं आणि तिसऱ्या दिवशी पाय बोलू लागतात.

ख्रिसमस ते नववर्ष, ईस्टरच्या आगेमागे, नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा आठवडा, फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डेचा आठवडा, हे टाळा. अमेरिकेत शाळा सुरू होऊन गेल्यावरचा सप्टेंबर आणि जानेवारीचा उत्तरार्ध निवांत असतात. सप्टेंबरात मात्र उकाडा आपल्या मे महिन्यातल्या कोकणासारखा, दुपारी विजांसह सरी आणि वादळांचा हंगामही तोच (जून ते नोव्हेंबर). मी सप्टेंबर आणि जानेवारी दोन्ही अनुभवले. पहिल्यांदा जाणाऱ्याला जानेवारी सांगेन. सकाळी स्वेटर लागतो, पण दिवसभर अंगात ताकद राहते.

भारतातून थेट येणार असाल तर मुंबईहून ऑर्लॅंडोला, म्हणजे डिस्ने वर्ल्डजवळच्या शहराला, थेट विमान नाही, एक तरी थांबा घ्यावा लागतो. दुबईहून ऑर्लॅंडोला सरळ विमान आहे. ज्यांना अमेरिकेत रात्री-बेरात्री विमान बदलायचं नाही त्यांच्यासाठी ते सोयीचं. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला फार वेळ लागू शकतो, म्हणून आधी व्हिसा आणि मगच बाकीचं आरक्षण. इमिग्रेशनच्या खिडकीवर एकट्या प्रवाशाला "कुठे उतरणार, किती दिवस, परत कधी" हे हमखास विचारतात. हॉटेलचं आणि परतीच्या विमानाचं आरक्षण कागदावर छापून हातात ठेवा.

मुक्काम: पैसे इथेच जातात

खोलीचं भाडं खोलीला असतं, माणसाला नाही. तुम्ही एक असा वा दोघे, रक्कम तीच. हा एकट्याने जाण्यातला सर्वांत मोठा तोटा आहे आणि त्यावर उपाय नाही. फक्त कोणती खोली घ्यायची ते शहाणपणाने ठरवता येतं.

पहिल्या खेपेला मी पैसे वाचवायला बाहेरच्या एका हॉटेलात उतरले. भाडं निम्मं होतं आणि "पार्कला मोफत शटल" असं लिहिलेलं होतं. शटल सकाळी एकदा जायची आणि रात्री एकदा यायची. मॅजिक किंगडमची आतषबाजी संपायच्या आत ती निघून जायची. तीन रात्री मी टॅक्सीने परतले आणि वाचलेले पैसे तिथे गेले. बाहेर राहायचंच असेल तर शटलच्या वेळा आधी लेखी मागवा.

डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत तीन थर आहेत. स्वस्त थरातल्या 'पॉप सेंच्युरी'ला मी एकट्या पाहुण्यासाठी पहिली पसंती देते. तिथून स्कायलायनरने, मध्ये कॅरिबियन बीचला बदलून, एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जाता येतं, बाकी दोन पार्क्सना बस. डिस्नेच्या हॉटेलात राहण्याचे तीन ठोस फायदे आहेत: पार्क्सना जाण्यायेण्याची वाहनं मोफत, रोज कोणत्याही पार्कमध्ये इतरांच्या अर्धा तास आधी प्रवेश आणि दुपारी खोलीवर येऊन पडता येणं. तिसरा फायदा सर्वांत मोठा. कुटुंबात कुणीतरी सामान सांभाळत बसतं आणि दुसरा बाकावर डुलकी काढतो. एकट्याला उघड्यावर डोळा लावता येत नाही.

खोलीच्या दरावर १२.५ टक्के कर वेगळा लागतो. बाकी खरेदीवर ६.५ टक्के. पाटीवरची किंमत म्हणजे बिल नव्हे, हे बजेट करतानाच धरा.

तिकीट

तिकिटाचा दर तारखेप्रमाणे आणि पार्कप्रमाणे बदलतो. एका दिवसाचं तिकीट कमी गर्दीच्या दिवशी सव्वाशे डॉलरच्या आसपास, तर डिसेंबरअखेर मॅजिक किंगडमसाठी दोनशेच्या घरात. दिवस वाढवले की दर दिवसाचा खर्च उतरतो. एकाच दिवशी दोन-तीन पार्क्स फिरू देणारा 'पार्क हॉपर' पहिल्या खेपेला घेऊ नका. एक दिवस, एक पार्क पुरेसं आहे.

रांग टाळायची पैसे देऊन घेतलेली सोय म्हणजे लायटनिंग लेन. २०२४ च्या जुलैपासून तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. मल्टी पासमध्ये तीन राइड्सच्या वेळा आधी निवडता येतात, त्या वापरत गेलात की पुढच्या घेता येतात. सिंगल पास हा एकेका मोठ्या राइडसाठी वेगळा. डिस्नेच्या हॉटेलातल्या पाहुण्यांना सात दिवस आधी, इतरांना तीन दिवस आधी निवड करता येते, फ्लोरिडाच्या सकाळी सातला. पुण्या-मुंबईतून करणार असाल तर उन्हाळ्यात तेव्हा आपल्याकडे दुपारचे साडेचार वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेपाच.

माझं मत असं: मॅजिक किंगडमसाठी मल्टी पास घ्या, हॉलिवूड स्टुडिओजला गर्दी असेल तर घ्या, अ‍ॅनिमल किंगडमला अजिबात नको. एपकॉटला मी एकदा घेतला आणि पैसे वाया गेल्यासारखं वाटलं, कारण एपकॉटमधली खरी मजा राइड्सपलीकडची आहे.

बॅगेत काय

आधी बूट. नवे बूट घालून जाऊ नका. महिनाभर वापरलेले, मोज्यांसह अर्धा नंबर मोठे बूट घ्या, कारण दुपारी पाय सुजतात. दिवसाला वीस हजार पावलं सहज होतात. दुसऱ्या दिवशी मला टाचेला फोड आले तेव्हा कळलं की प्रत्येक पार्कमध्ये प्रथमोपचार केंद्र आहे आणि तिथे पट्ट्या मोफत देतात. फोड येईपर्यंत थांबू नका, चुरचुरायला लागलं की लगेच जा.

बॅग लहान घ्या. तुमची बॅग धरायला खाली कुणी उभं नसतं, ती राइडमध्ये तुमच्या पायांशीच येते. मांडीवर मावेल इतकीच हवी. त्यात पॉवर बँक, पातळ रेनकोट, रिकामी बाटली, टोपी. फोनवर तिकीट, खोलीची किल्ली, जेवणाची ऑर्डर, नकाशा असं सगळं असतं आणि तो बंद पडला तर शेजारी दुसरा फोन नसतो. म्हणून मी मनगटावर मॅजिकबँड बांधते. तो स्वस्त नाही, पण फोन मेला तरी त्यावर पार्कमध्ये शिरता येतं आणि खोली उघडते. सेल्फी स्टिक घेऊ नका, प्रवेशद्वारावरच अडवतात.

आता आनंदाची बाब. डिस्ने वर्ल्डमध्ये बाहेरचे पदार्थ आत नेता येतात, फक्त काचेच्या बाटल्या आणि दारू चालत नाही. मी ठेपले, भाजक्या पोह्यांचा चिवडा आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन जाते. सकाळचं पोट त्यावर भागतं आणि वीस डॉलर वाचतात. भारतातून नेताना कोरडे, बंद पाकिटातले पदार्थ न्या, कस्टम्सला खाण्याचे पदार्थ असल्याचं सांगा. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं नको. पार्कमध्ये काउंटरवर थंड पाणी पेल्यात मोफत मिळतं. बाटलीबंद पाणी विकत घेण्याची गरज नाही.

विमानतळ ते हॉटेल

पूर्वी डिस्नेची मोफत बस विमानतळावर घ्यायला यायची. ती जानेवारी २०२२ मध्ये बंद झाली. जुनी माहिती वाचून तिची वाट पाहू नका. आता पैसे भरून शटल किंवा अ‍ॅपवरची टॅक्सी. अंतर तीसेक किलोमीटर. एकट्याला शटल स्वस्त पडते, पण ती इतर हॉटेलं घेत जाते. रात्री उशिरा पोचत असाल तर टॅक्सीच घ्या. भाड्याच्या गाडीची गरज नाही.

पहिली सकाळ

पार्क उघडण्याच्या तासभर आधी दारात असा. दिवसातली सर्वांत मोलाची वेळ म्हणजे पहिले दोन तास. मॅजिक किंगडमला त्याहूनही लवकर निघा. बाहेरून येणाऱ्यांची गाडी जिथे थांबते तिथून पार्कचं दार लगेच लागत नाही, पुढे तळं आहे आणि ते मोनोरेलने किंवा बोटीने ओलांडावं लागतं. डिस्नेच्या हॉटेलची बस मात्र थेट दाराशी सोडते.

आत शिरल्यावर कोणत्याही पाहुणा-कक्षात जाऊन "माझी पहिलीच भेट आहे" असं सांगा. एक गोल बिल्ला मोफत देतात. मला वाटलं होतं हे लहान मुलांसाठी असेल. पण तो लावल्यावर दिवसभर कर्मचारी थांबवून स्वागत करत होते, एका आजोबांनी बोट दाखवून सांगितलं की पहिल्यांदा आहेस तर डावीकडच्या रांगेत जा, ती लहान असते. एकट्या माणसाशी बोलायला लोकांना निमित्त लागतं. बिल्ला ते निमित्त देतो.

कर्मचाऱ्यांच्या छातीवर नावाबरोबर त्यांचं गावही लिहिलेलं असतं. हे मला फार आवडतं. बोलायला विषय सुचत नसेल तर गावाबद्दल विचारा.

सिंगल रायडर, म्हणजे तुमचा हक्काचा दरवाजा

बाक दोघांचा असतो आणि येणारी कुटुंबं तीन किंवा पाच जणांची. मग एक जागा रिकामी राहते. ती भरायला काही राइड्सवर 'सिंगल रायडर' नावाची वेगळी रांग असते. अ‍ॅनिमल किंगडममधल्या एक्सपिडिशन एव्हरेस्टच्या गाडीत ३४ जागा, दोन-दोनच्या १७ ओळी. मुख्य रांगेत पाऊण तासाचा फलक असताना मी एकेरी रांगेतून दहा मिनिटांत बसले आणि लगेच दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. कुटुंबातल्या कुणालाही हे जमत नाही, कारण त्यांना एकत्र बसायचं असतं.

हॉलिवूड स्टुडिओजमधल्या मिलेनियम फाल्कन: स्मगलर्स रनवरही अशी रांग आहे. तिथे सहा जणांची तुकडी यान चालवते. एकेरी रांगेतून गेलात तर बहुधा मागच्या बाकावरची इंजिनियरची जागा मिळते, पायलटची नाही. शिवाय मुख्य रांगेतून दिसणारा यानाच्या आतला भाग चुकतो. म्हणून पहिल्यांदा मुख्य रांगेने जा आणि दुसऱ्यांदा एकेरी. पायलट व्हायचंच असेल तर मुख्य रांगेत काम नेमणाऱ्या कर्मचाऱ्याला नम्रपणे सांगा, मला एकदा मिळालं.

मॅजिक किंगडममध्ये एकेरी रांग नाही. पण तिथल्या स्पेस माउंटन या राइडमध्ये जागाच एकामागे एक अशा एकेरी आहेत आणि ट्रॉनमध्ये प्रत्येकाची स्वतंत्र दुचाकी. शेजारची जागा रिकामी दिसण्याचा प्रश्नच नाही. साध्या रांगेतही कर्मचारी "कुणी एकटं आहे का?" असं ओरडतात. तेव्हा संकोच न करता हात वर करा. मी पहिल्या दिवशी दोनदा गप्प राहिले आणि दोन्ही वेळा वीस-वीस मिनिटं जास्त उभी राहिले. कोणत्या राइडवर एकेरी रांग चालू आहे हे बदलत असतं, त्या दिवशीचं डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये बघा.

एक गोष्ट मात्र एकट्याला जड जाते. रांगेतून बाहेर पडलात की जागा गेली. लांब रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, बाटली भरा, मगच उभे राहा.

एकट्याने जेवणं

ज्यांनी मला एकट्याने जाण्याबद्दल विचारलं त्यांतल्या बहुतेकांची खरी धास्ती पाळण्यांची नव्हती. "एकटीने टेबलावर बसून जेवायचं कसं?" हा प्रश्न होता, विशेषतः बायकांचा. आपल्याकडे खाणावळीत एकटी बाई दिसली की चार नजरा वळतात. इथे वळत नाहीत. टेबल दाखवणारी मुलगी "किती जण?" विचारते, तुम्ही "एक" म्हणता, ती "या" म्हणते आणि विषय संपतो. पहिल्या वेळी छातीत धडधडतं हे खरं, म्हणून पायरीपायरीने जा.

पहिल्या दिवशी काउंटरवरचं जेवण घ्या. अ‍ॅपवर आधी ऑर्डर द्यायची, पोचल्यावर "मी आले" हे बटण दाबायचं, नंबर आला की ताट उचलायचं. अडचण एवढीच की टेबल धरायला कुणी नसतं. बटण दाबण्याआधी जागा हेरून ठेवा, ताट हाती आलं की सरळ तिकडे चला, गर्दीत भिंतीकडची उंच स्टुलं रिकामी असतात. अ‍ॅनिमल किंगडमच्या पँडोरा भागातली सातुली कँटीन मला यासाठी आवडते. भात, टोफू, भाज्या असा वाडगा मिळतो आणि शाकाहारी माणसाचं नीट पोट भरतं.

दुसऱ्या दिवशी बारच्या काउंटरवर बसा. दारू घ्यायची सक्ती नाही. बऱ्याच हॉटेलांत तिथे पूर्ण जेवण मिळतं, आरक्षण लागत नाही आणि समोरचा माणूस गप्पा मारतो.

तिसऱ्या दिवशी टेबलावरचं जेवण, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दोघांचं टेबल संपलं असेल तरी एकासाठी ऐन वेळी जागा निघते, दुपारी अ‍ॅप पुन्हा पुन्हा बघा. माणसांत बसून जेवायचं असेल तर एपकॉटमधल्या जर्मनी विभागातलं बिअरगार्टन किंवा जपान विभागातलं तेप्पान एडो घ्या. तिथे लांब टेबलावर अनोळखी लोक शेजारी बसतात. तेप्पान एडोत माझ्या शेजारी ओहायोचं एक जोडपं होतं, लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून आलेलं. त्यांनी मला त्यांच्या फोटोत घेतलं.

आणि सनाला नक्की जा. अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलच्या किडानी भागातलं हे भोजनगृह. आफ्रिकी स्वयंपाकावर भारतीय मसाल्यांचा हात आहे. नान, कुलचा, पनीर पराठा अशा पोळ्या आणि सोबत नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणची-रायती असं एक ताट मिळतं. खिडकीबाहेर कुरणात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. त्या हॉटेलात मुक्काम नसला तरी जाता येतं. चौथ्या दिवशी जिभेला आंबट-तिखट हवं असतं तेव्हा लिंबाचं लोणचं ओळखीचं माणूस भेटावं तसं भेटतं. ताट दोघांना पुरेल इतकं असतं, उरलेलं बांधून घ्या.

मेनूवर हिरव्या पानाची खूण म्हणजे प्राणिजन्य काहीही नाही. अंडं, मासळी, मांसाचा रस्सा यांबद्दल स्पष्ट विचारा, "व्हेजिटेरियन" एवढ्यावर थांबू नका. टेबलावर वाढणाऱ्याला १८ ते २० टक्के टिप द्यायची असते, स्वतः ताट उचलायच्या काउंटरवर नाही.

चार पार्क्स, माझ्या क्रमाने

अ‍ॅनिमल किंगडम आधी. ते लवकर उघडतं, लवकर बंद होतं, म्हणजे पहिल्या दिवशी लवकर झोपता येतं. सकाळी सर्वांत आधी किलिमांजारो सफारी करा, प्राणी तेव्हाच हिंडतात. आशिया भागात आनंदापूर नावाचं कल्पित गाव उभं केलंय. हाताने रंगवलेल्या पाट्या, पताका, महाराजाच्या पडक्या शिकारमहालातून जाणारी पाऊलवाट आणि भिंतीपलीकडे खरे वाघ. बाकीचे लोक तिथून भराभर पुढे जातात. मी दीड तास रेंगाळले, भिंतीवरचा उडालेला रंग आणि गंजलेलं लोखंड बघत. कुणीतरी आपल्याकडच्या गावांत हिंडून, डोळे उघडे ठेवून हे केलंय. कुटुंबासोबत असते तर "चल ना पुढे" झालं असतं.

हॉलिवूड स्टुडिओजमध्ये रांगा लांब असतात. सकाळ आणि रात्र वापरा, दुपारी खोलीवर जा.

मॅजिक किंगडममध्ये सकाळी मोठ्या राइड्स उरका. दुपारी पीपलमूव्हर या संथ गाडीत बसा. दहा मिनिटं टुमॉरोलँड या भागावरून फिरवते, वारा लागतो, बहुतेक वेळा रांग नसते. १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेलं कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस हे फिरतं नाट्यगृहही गार आणि शांत आहे. तुमच्या पायांखाली कर्मचाऱ्यांचे बोगदे आहेत. किंबहुना जमिनीवर बोगदे बांधून त्यांवर पार्क उभं केलंय, म्हणजे तुम्ही चालता तो खरा पहिला मजला. आतषबाजीसाठी कुटुंबं दीड तास आधी जागा धरून बसतात. तुम्हाला वीस मिनिटं आधी पोचून चालतं, एका माणसापुरती फट कुठेही असते.

एपकॉट शेवटी ठेवा, कारण एकट्या माणसाचं पार्क तेच. तळ्याभोवती दोन किलोमीटरच्या वाटेवर अकरा देश मांडलेत: मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा. भारत नाही, याची हळहळ वाटते. हा भाग साधारण अकराला उघडतो. मोरोक्कोच्या भिंतींवरची फरशी राजे हसन दुसरे यांनी पाठवलेल्या कारागिरांनी बसवली आहे. तिथे एका कोपऱ्यात उभं राहून एक चौकोन नीट बघा. नॉर्वेच्या बेकरीत नारळ आणि कस्टर्डचा 'स्कूल ब्रेड' मिळतो. एपकॉटमध्ये वर्षाचा बराचसा काळ खाद्य, फुलं किंवा कलेचा उत्सव चालू असतो, टपऱ्यांवर छोट्या वाट्या मिळतात. एकट्यासाठी यापेक्षा सोयीचं जेवण नाही. लिव्हिंग विथ द लँड ही होडीतली सफर खऱ्या हरितगृहांतून जाते. शेतीच्या घरातून आलेल्यांनी ती चुकवू नये, मातीविना लोंबणारी पिकं बघून माझ्या वडिलांना व्हिडिओ पाठवल्याशिवाय राहवलं नाही.

संध्याकाळ जड होते तेव्हा

हे आधी सांगून ठेवते, म्हणजे आल्यावर घाबरायला होणार नाही. एकटेपण राइडवर येत नाही, जेवताना येत नाही. ते आतषबाजीच्या वेळी येतं. समोर वडिलांच्या खांद्यावर मूल, बाजूला हात धरलेले आजी-आजोबा, संगीत मुद्दाम गळा दाटून यावा असं केलेलं. दुसऱ्या रात्री मला रडू आलं. आलं तर येऊ द्या.

मग एक सोय लक्षात आली. उन्हाळ्यात फ्लोरिडाची रात्रीची साडेनऊची वेळ म्हणजे आपल्याकडची सकाळी सातची. आईचा चहा चाललेला असतो. आतषबाजी संपली की गर्दी ओसरेपर्यंत बाकावर बसून मी तिला फोन लावायचे. पार्कमध्ये मोफत वायफाय आहे. अर्ध्या तासाने उठले की बसची रांगही निवळलेली असायची.

फोटोंचंही असंच. जागोजागी उभे असलेले डिस्नेचे छायाचित्रकार तुमच्या फोनवरही फोटो काढून देतात, पैसे न घेता. फक्त विचारायचं.

काळजी

रात्री अकरालाही पार्क आणि हॉटेलांच्या परिसरात मला कधी भीती वाटली नाही. तरी रोजचा बेत घरी एकाला कळवून ठेवा, हॉटेलचा पत्ता कागदावर खिशात ठेवा, पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत. आणीबाणीचा नंबर ९११. प्रवास विमा घेतल्याशिवाय निघू नका, अमेरिकेत साधा पाय मुरगळला तरी बिल मोठं येतं. चक्कर येणाऱ्या राइड्स रिकाम्या पोटी करू नका आणि चक्कर आलीच तर जवळच्या कर्मचाऱ्याला सांगा, लपवू नका. तुम्हाला सावरायला सोबत कुणी नाही, ते काम त्यांचं आहे आणि ते मनापासून करतात.

निघण्याचा दिवस

खोली सकाळी अकराला सोडावी लागते. सामान हॉटेलच्या सामान-कक्षात विनामूल्य ठेवतात, म्हणून विमान संध्याकाळचं असेल तर सकाळ वाया घालवू नका. तिकीट शिल्लक नसलं तरी स्कायलायनरला तिकीट लागत नाही. पॉप सेंच्युरीहून बसा, कॅरिबियन बीचला बदला, रिव्हिएरापर्यंत जा आणि परत या. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी गर्दी नसली तर पाळण्यात बहुधा तुम्ही एकटेच असता, खाली तळं आणि झाडं. विजा चमकत असतील तर तो बंद ठेवतात, तेव्हा आकाश बघून जा. विमानाच्या साडेतीन तास आधी हॉटेलातून निघा. ऑर्लॅंडो विमानतळाच्या तपासणीच्या रांगा मोठ्या असतात आणि तिथे एकेरी रांग नाही.